तलंगा अंड्यावर आल्यात की नाही? आणि म्हाताऱ्यांचं काय करू?

खुराड्याची मालकीण

नमस्कार मंडळी. आजवर इथे नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली.

माझ्याकडे एकूण नऊ कोंबड्या. चार जुन्या: ठकी सहा वर्षांची, भुरी, पांढरी आणि लंगडी या तिघी चार-साडेचार वर्षांच्या. (लंगडी आता लंगडत नाही. पिल्लू असताना दारात पाय अडकला होता, तेव्हाचं नाव चिकटलं ते चिकटलंच.) आणि पाच तलंगा, म्हणजे पहिल्यांदाच अंडी द्यायच्या वयाला आलेल्या तरण्या कोंबड्या. त्यांना उद्या २१ आठवडे पूर्ण होतील. त्यांना नावं ठेवायची नाहीत असं ठरवलंय, कारण नाव ठेवलं की पुढचे निर्णय जड जातात हे ठकीने शिकवलंय.

गेल्या तीन आठवड्यांत पेटीत मिळालेली अंडी मोजून अकरा. सगळी मोठी, म्हणजे जुन्यांपैकीच कुणाची तरी. माझा अंदाज भुरीचा, कारण तीच अंगाने भरलेली आहे. ठकीने तर कधीच हात टेकले असणार. तलंगांचं एकही नाही. शिवाय दोनदा सकाळी बसायच्या दांडीखाली कवच नसलेलं अंडं सापडलं, पातळ कातड्याच्या पिशवीसारखं, एक फुटलेलं. ते पांढरीचं असावं, ती हल्ली मलूल असते.

खायला सगळ्यांना एकच पोतं, लेयर मॅश (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य). तलंगा बारा आठवड्यांच्या झाल्यापासून तेच, कारण दोन वेगळी पोती सांभाळायची म्हणजे नुसता घोळ. म्हाताऱ्या त्यांना भांड्याजवळ फिरकू देत नाहीत. रात्री तलंगा दांडीवर न बसता अंड्यांच्या पेट्यांत घुसून झोपतात आणि सकाळी पेट्या शेणाने भरलेल्या.

आमच्या ह्यांचं म्हणणं, चार म्हाताऱ्या फुकटचे दाणे मोडताहेत, त्या काढून टाक. मला ते जमेल असं वाटत नाही, पण त्यांचं चुकीचं आहे असंही छातीठोक सांगता येत नाही. तर विचारायचं हे: तलंगा कधी अंड्यावर येतील, ते ओळखायचं कसं? आणि जुन्यांचं तुम्ही काय करता?

तुरेवाला

ताई, कॅलेंडर सोडा, तुरा बघा. अंड्यावर यायच्या आधी तलंगेचा फिका गुलाबी तुरा मोठा होतो आणि लालबुंद होतो, गळ्याखालच्या लोंबत्या पाळ्याही. मग ती पेट्यांत डोकावायला लागते, उगाच गवत उकरते, कारण नसताना ओरडते. सगळ्यात पक्की खूण म्हणजे पाठीवर हात ठेवायला गेलात की पळण्याऐवजी दबून बसते आणि पंख जरासे बाजूला काढते. तसं बसायला लागली की साधारण आठवडा-दोन आठवड्यांत अंडं.

हलक्या, अंड्यासाठी तयार केलेल्या जाती १८ ते २० आठवड्यांत सुरू होतात. जड अंगाच्या आणि साध्या गावरान २४ ते २८ घेतात, त्याहून उशीरही होतो. २१ आठवड्यांत काही बिघडलेलं नाही. पेटीत एखादं खोटं अंडं ठेवा, लाकडी किंवा चिनी मातीचं. जागा कळते त्यांना.

सडेतोड

तुमचे हे बरोबर बोलतायत. कोंबडी अंडं देवो न देवो, दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खातेच. चार कोंबड्यांचे महिन्याला तेरा किलो. पहिलं वर्ष सर्वात चांगलं, नंतर दर पीसझडीला उत्पादन उतरतं. चार वर्षांची कोंबडी ठेवणं म्हणजे कोंबडी पाळणं नव्हे, पेन्शन देणं आहे.

काढायच्या असतील तर एकच लक्षात ठेवा: औषध दिलेलं असेल तर त्याच्या वेष्टनावर किती दिवस मांस-अंडी खायची नाहीत ते लिहिलेलं असतं, ते पाळा. आणि म्हातारीचं मांस चिवट, ते मंद आचेवर बराच वेळ शिजवावं लागतं.

खुराड्याची मालकीण

पेन्शन म्हणालात ते आवडलं. आमच्या घरात तिचं नाव अजून कुणी काढलं नव्हतं. तुरे बघितले: पाचपैकी तिघींचे लाल आहेत. एक दबून बसते, मला वाटायचं घाबरते. चौथी-पाचवीचे तुरे अजून बोटाच्या पेरापेक्षा लहान.

जुनं खोड

मालकीणबाई, काढायच्या की ठेवायच्या हा प्रश्न नंतर. आधी कोण अंडी देतंय ते तुम्हाला माहीतच नाही. “भुरी असावी”, “ठकीने हात टेकले असावेत”, “पांढरीचं असावं”. तीन वाक्यांत तीन असावं.

हे टोचून बोलतेय कारण मी स्वतः हे केलंय. माझ्याकडे एक पिसं विस्कटलेली, फिक्या पायांची, रडकी दिसणारी कोंबडी होती. शेजारी दुसरी, गुबगुबीत, चकचकीत, पिवळ्याधमक पायांची. अंडी कमी झाली तेव्हा रडकी काढली. उघडली तर आत कवचासकट तयार अंडं, आणि मागे बलकांची माळ, मोठ्यापासून मोहरीएवढ्या दाण्यापर्यंत. पुढचे कितीतरी दिवस रांगेत उभे होते. गुबगुबीत बाई वर्षभर काही देत नव्हत्या, म्हणूनच गुबगुबीत होत्या. पिवळ्या पायांच्या जातीत अंडी देणारीचा पिवळा रंग हळूहळू उतरतो: आधी मळद्वाराभोवतीचा, मग डोळ्याभोवतीचा, मग चोचीचा, शेवटी पायांचा. तो रंग बलकात जातो. फिके पाय म्हणजे काम केलेले पाय. मला हे तेव्हा माहीत नव्हतं.

म्हणून आता मी हात लावून बघते. रात्री अंधार पडल्यावर, कोंबडी दांडीवर असताना. अंधारात त्यांना दिसत नाही, गडबड करत नाहीत. कोंबडी काखेत घ्या, डोकं मागच्या बाजूला. मळद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक टोकदार हाडं लागतील. त्यांच्यात तुमची दोन-तीन बोटं मावली तर ती अंड्यावर आहे. एक बोट जेमतेम मावलं तर नाही. अंड्यावर असलेलीचं मळद्वार रुंद, ओलसर, फिकं असतं. नसलेलीचं लहान, कोरडं, आवळलेलं. तलंगांनाही हीच परीक्षा करा.

पण ही परीक्षा फक्त आजचं सांगते. पिसं झाडणारी किंवा खुडूक (अंडी उबवायला) बसलेली कोंबडी असेल तर हाडं जवळ आलेली असतात, आणि दोन-तीन महिन्यांनी तीच परत सुरू होते. पिसं म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. ती नव्याने उगवताना अंड्याला काही उरत नाही. दिवस लहान होत चालले की जुन्या कोंबड्या पिसं टाकतात, त्या काळात कुणाचाही निकाल लावू नका.

खात्री हवी तर लिपस्टिक. हसू नका. संध्याकाळी मळद्वाराच्या कडेला लावायची, प्रत्येकीला वेगळा रंग. अंडं बाहेर येताना त्यावर रेघ उमटते. रोज परत लावावी लागते. माझ्या सुनेच्या चार कांड्या खलास झाल्या, तिने अजून माफ केलेलं नाही.

आणि दांडीखालच्या बिनकवचाच्या अंड्याचं: ते जिथे सापडलं तिथे खूण करा आणि रात्री बॅटरी घेऊन वर बघा कोण बसतंय. कोंबड्यांच्या झोपायच्या जागा ठरलेल्या असतात.

दाणापाणी

खाण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ताई, बारा आठवड्यांच्या तलंगांना लेयर द्यायला नको होतं. त्यात ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असतं, वाढीच्या खाद्यात १ टक्क्याच्या आसपास. अंडं घालत नसलेल्या पक्ष्याला तेवढं लागत नाही, जास्तीचं मूत्रपिंडांतून बाहेर टाकावं लागतं आणि वाढत्या वयात मूत्रपिंडं त्याने खराब होऊ शकतात. आता २१ आठवडे झालेत, सगळ्या हिंडत-फिरत असतील तर घाबरू नका. पण पुढच्या वेळी १६ ते १८ आठवड्यांआधी नको.

हीच अडचण तुमच्या म्हाताऱ्यांचीही आहे. ज्या अंडी देत नाहीत त्यांनाही रोज अंड्याचं कॅल्शियम खावं लागतंय. यावर उपाय सोपा आहे आणि पोतं एकच राहतं: सगळ्यांना वाढीचं खाद्य, १६ टक्क्यांच्या वर प्रथिन असलेलं, आणि शिंपल्यांचा भरडा वेगळ्या भांड्यात कायम ठेवलेला. जिला कवच बनवायचंय ती स्वतः जाऊन खाते, बाकीच्या ढुंकून बघत नाहीत.

भरडा जाडसर हवा, पीठ नको. अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यातले वीसेक तास नुसत्या कवचाचे, आणि ते काम बरंचसं रात्री चालतं, जेव्हा कोंबडी खात नसते. जाड तुकडे पोटातल्या जात्यात पडून राहतात, रात्रभर हळूहळू विरघळतात. पीठ संध्याकाळीच पुढे निघून जातं. एका कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पोटातून मिळालं नाही की ती ते हाडांतून काढते. अंड्यांची कवचं वाळवून चुरून दिली तरी चालतात, फक्त अंड्याचा आकार ओळखू येईल अशी देऊ नका. अंडी फोडून खायची सवय लागली की ती मोडणं महाकठीण.

नव्या तलंगेची पहिली काही अंडी अशीतशीच असतात: सुपारीएवढी, बिनबलकाची, दोन बलकांची, कवचावर रक्ताची रेघ असलेली, बिनकवचाची. दोन-तीन आठवड्यांत घडी बसते. त्यामुळे दांडीखालचं अंडं पांढरीच्या नावावर लगेच टाकू नका.

भांडी दोन करा, एकमेकींना दिसणार नाहीत अशा दोन टोकांना. पाणीही दोन ठिकाणी. म्हातारी एका वेळी एकाच भांड्यावर राज्य करू शकते.

तुरेवाला

पेट्यांत झोपण्याचं राहिलंच. दिवस मावळताना पेट्यांची तोंडं फळी लावून बंद करा, तलंगा उचलून दांडीवर ठेवा, उजाडायच्या आत फळ्या काढा. माझ्या चार दिवसांत शिकल्या, एक मठ्ठ होती तिला नऊ लागले. दांडीवर प्रत्येकीला वीतभर जागा हवी, नाहीतर म्हाताऱ्या ढकलून देतात. आणि पाच कोंबड्यांमागे एक पेटी पुरते, जास्त केल्या तरी सगळ्या एकीतच भांडतात.

सडेतोड

लिपस्टिक!

जुनं खोड

हो. लाल सगळ्यात चांगली उमटते.

खुराड्याची मालकीण

बारा दिवसांनी परत आलेय.

पहिल्याच रात्री बॅटरी घेऊन गेले. जिथे बिनकवचाचं अंडं सापडायचं त्याच्या बरोबर वर पांढरी नव्हतीच. तिथे दबून बसणारी तलंग होती. पाचपैकी ती एकटीच दांडीवर झोपते, हेही मला माहीत नव्हतं.

मग बोटं. लाल तुऱ्याच्या तिघींना दोन बोटं आरामात. म्हणजे तिघी अंड्यावर, आणि पेटीत एकही अंडं नाही! दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून मागच्या दारात पाटावर बसून राहिले. नऊच्या सुमारास एक तलंग खुराड्याच्या मागे गेली आणि विटांच्या ढिगात दिसेनाशी झाली. जुन्या विटा रचलेल्या आहेत, मध्ये हातभर पोकळी. तिथे चौदा अंडी. लिंबापेक्षा थोडी मोठी, दोनांवर रक्ताची पुसट रेघ. म्हाताऱ्या पेटीजवळ येऊ देईनात म्हणून त्यांनी आपली सोय आपण केली होती. किती दिवसांची ते कळायला मार्ग नाही, म्हणून पाण्यात टाकून बघितली. तीन तरंगली ती पुरून टाकली, बाकीची एकेक वेगळ्या वाटीत फोडून वास घेऊन वापरली.

लिपस्टिक. ठकीला लाल, भुरीला गुलाबी, लंगडीला तपकिरी, पांढरीला जांभळी. बारा दिवसांत पेटीत पाच मोठी अंडी. पाचही लाल रेघेची.

ठकीची. सहा वर्षांची.

भुरीला एक बोटही धड मावलं नाही. पण मानेवर पिसांची कोवळी खुंटं हाताला लागली, खुराड्यात तिची पिसं पडलेली होतीच, मीच रोज झाडून काढत होते आणि लक्षात येत नव्हतं. तेव्हा भुरीचा निकाल आत्ता नाही. लंगडीला एक बोट, पिसं झडत नाहीत, खुडूकही नाही. ती बहुधा खरंच निवृत्त झाली.

पांढरीचं वाईट आहे. तिला उचललं तर वर छातीचं हाड सुरीच्या धारेसारखं लागतं आणि खाली पोट पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं. पशुवैद्यांना दाखवलं. त्यांनी पाणी काढून बघितलं, तिला जरा हलकं वाटलं, पण ते परत भरणार असं म्हणाले. अंडी बनवणाऱ्या भागाचाच आजार आहे, या वयात होतो. ह्यांनी हे ऐकलं आणि त्या दिवसापासून फुकटच्या दाण्यांचा विषय काढलेला नाही. काल तेच तिच्यासाठी दांडी उपटून गुडघ्याएवढ्या उंचीवर ठोकत होते.

सडेतोड, तुमचा तेरा किलोचा हिशेब खरा आहे, मी वहीत लिहिला. पण तुमचं ऐकून चारही काढल्या असत्या तर पेटीत अंडं टाकणारी एकमेव कोंबडी गेली असती.

सडेतोड

मान्य. ठकीबाबत. लंगडीवर मी ठाम आहे.

जुनं खोड

दांडी खाली आणली हे फार बरं झालं. म्हाताऱ्या उंचावरून उड्या टाकतात, तळव्यांना जखम होते, ती आत पिकते. महिन्यातून एकदा तळवे बघत जा, काळं खपलीसारखं दिसलं तर वेळीच धुवायला हवं. नखंही वाढतात त्यांची, हिंडणं कमी झालं की झिजत नाहीत. पायांचे खवले उचललेले दिसले तर त्यात बारीक कीड असते, तेल किंवा व्हॅसलीन चोपडून ती गुदमरते, आठवडाभर रोज करायचं. आणि दांड्यांच्या खालच्या बाजूने रात्री पांढरा कागद फिरवा. लाल डाग उमटले तर रक्त पिणारे बारीक किडे आहेत. ते दिवसा फटीत लपतात, म्हणून दिवसा बघणाऱ्याला कधीच सापडत नाहीत. मलूल कोंबडीला आधी हेच बघावं.

पांढरी खातेपिते, उन्हात येऊन बसते तोवर असू द्या. कोपऱ्यात तोंड घालून बसायला लागली की उशीर करू नका. वैद्यांकडे न्या आणि सोडवा तिला. मी एकदा चार दिवस उशीर केला होता.

लंगडीचं म्हणाल तर, घार वर आली की पहिली कोण ओरडते ते बघा. माझ्याकडे नेहमी अंडी न देणारीच असते. तिला दुसरं काम नसतं, ती वर बघत बसते.

दाणापाणी

खाद्य बदललंत का?

खुराड्याची मालकीण

बदललं, आठ दिवसांत थोडं थोडं मिसळत. शिंपल्यांचं भांडं पहिल्या दिवशी ठकीने एकटीने अर्धं केलं. भुरीने चोच मारून टाकून दिलं. तुम्ही म्हणालात अगदी तसंच. बिनकवचाचं अंडं गेल्या सहा दिवसांत नाही.

विटांचा ढीग परवा हलवला, पेटीत खोटी अंडी ठेवली, दुसरं भांडं टोकाला नेलं. आज दुपारपर्यंत तलंगांची दोन अंडी पेटीत, आणि एक विटा होत्या त्या जागी, उघड्या जमिनीवर, बरोबर मधोमध.

तुरेवाला

ती माझ्या मठ्ठेची बहीण असणार. नऊ दिवस द्या.